झनकलाल मामाजी आणि गल्लीभरचा श्वास

झनकलाल मामाजी भेटले की राम राम करत नाहीत. ते सरळ तुमच्या मागे जातात. काय झालं म्हणून तुम्ही वळेपर्यंत त्यांचा भलामोठा तळहात तुमच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध येऊन बसलेला असतो आणि मागून हुकूम सुटतो, "धुरा सरळ कर! आता बांधी भर!"

नवा माणूस दचकतो. एक कुरियरवाला तर पार्सल माझ्या पायरीवर टाकून पळाला होता, सही घ्यायचीही त्याला शुद्ध राहिली नाही. आम्हा गल्लीतल्या लोकांना मात्र सवय झालीय. हात पडला की आम्ही मुकाट्याने ताठ होतो, पोट फुगवून श्वास घेतो, सावकाश सोडतो आणि मगच "का म्हणता जी मामाजी?" असं विचारतो. एवढं केल्याशिवाय मामाजी बोलतच नाहीत. तुमच्या घराला आग लागलीय हे सांगायला आले, तरी ते आधी तुमचा श्वास तपासतील, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

धुरा आणि बांधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सगळी धानाची शेती. शेताचे लहान तुकडे पाडून त्यात पाणी अडवतात. तो तुकडा म्हणजे बांधी आणि तिच्या कडेचा मातीचा बांध म्हणजे धुरा. मामाजींच्या शास्त्रात धुरा म्हणजे पाठीचा कणा आणि बांधी म्हणजे पोट. "धुरा वाकडा असन तर बांधीत पाणी थांबन का? नाही थांबत! वाकडा बसशीन तर श्वास छातीतल्या छातीत फडफडते, खाली उतरतच नाही. मंग जीव घाबरते, अना तू म्हणते मले टेन्शन आलं. टेन्शन कायचं? तुह्या बांधीत पाणीच नाही!"

हे सगळं ते एका दमात बोलतात, मध्ये एकदाही श्वास न घेता. मी ते एकदा त्यांना दाखवून दिलं, तर म्हणाले, "शिकवणाऱ्याचं वेगळं असते."

मी सुनिता. आमगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि शाळेचे गणवेश शिवते. शेजारचं घर मामाजींचं. ते माझे सख्खे मामा नाहीत. गल्लीत लहानथोर सगळेच त्यांना मामाजी म्हणतात. त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं, ते त्यांनी विकलं. शेती ठेक्याने दिली. मामीजी गेल्यापासून घरात एकटेच राहतात. सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसतात आणि तिथून सगळ्या जगाचा श्वास सांभाळतात.

हे वेड त्यांना लागलं गोंदियात. ब्लडप्रेशर वाढलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना एका श्वासाच्या शिबिरात जायला सांगितलं. मामाजी गेले ते नाश्त्याला पोहे आहेत असं कळलं म्हणून. आले ते पेटून आले! शिबिरातले गुरुजी हिंदीत म्हणाले होते, "साँस को सिर्फ देखिए, आती है, जाती है." मामाजींनी बसस्टँडपासून घरापर्यंत स्वतःचा श्वास पाहिला आणि त्या नादात दोन गल्ल्या पुढे निघून गेले. परत येऊन माझ्या दारात उभे राहून ओरडले, "सुनिता! साठ-पासष्ट वर्षं मी श्वास घेऊन राहिलो, अना मले माहीतच नव्हतं!" चेहरा असा फुललेला की जणू शेतात विहिरीला पाणी लागलंय. मामीजी गेल्यानंतर त्यांना इतकं खूश मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून मीही जोरात म्हटलं, "वा मामाजी!" तेवढ्यावर त्यांनी मला पहिली शिष्य करून टाकलं.

त्यानंतर गल्लीची जी धमाल उडाली, ती काय सांगू!

एका लग्नात हे नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहिले. मंगलाष्टकं चालू होती, पोरगा बिचारा घामाघूम झालेला. मामाजींना दया आली. पाठीवर हात पडला, कानात हुकूम गेला आणि नवरदेवाने असा काही पोटभर श्वास घेतला की अंतरपाट खाली आला त्याच क्षणी त्याला टाळूपर्यंत जबडा फाकवून जांभई आली. समोर नवरी, शेजारी व्हिडिओवाला. वधूपक्षाच्या बायका अजून तो व्हिडिओ लावतात आणि नव्याने चिडतात.

एकदा आम्ही गल्लीतली मंडळी नागझिऱ्याला जिप्सीतून जंगल बघायला गेलो. वळणावर वाघ! हातभर अंतरावर म्हणणार नाही, पण त्याच्या मिशा दिसत होत्या. गाइडने ओठांवर बोट ठेवलं, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. आणि मागच्या सीटवरून मामाजी, त्यांना जे कुजबुजणं वाटतं त्या आवाजात म्हणाले, "श्वास काऊन रोखला सगळ्यायनं? सोडा, सोडा!" वाघाने एकदा आमच्याकडे बघितलं आणि तो झुडपात शिरला. गाइडने मामाजींना हात जोडले. मामाजींना वाटलं, नमस्कार केला. त्यांनी उलट त्याची पाठ सरळ करून दिली.

माझ्या धंद्याचं तर त्यांनी वाटोळंच करत आणलं होतं. माझं सगळं पोट मापावर चालतं. मी टेप लावते आणि ओट्यावरून आवाज येतो, "भर बांधी!" गिऱ्हाईक पोट फुगवतं, माप चुकतं. आठवीतल्या एका पोराची गणवेशाची पँट मी अशीच भरलेल्या बांधीवर मापली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनात 'सावधान' झालं, पोराने श्वास सोडला आणि पँट निघाली खाली. एका हाताने सलामी, दुसऱ्या हाताने पँट, असा तो राष्ट्रगीत संपेपर्यंत उभा राहिला. दुपारी त्याचा बाप भांडायला आला. मामाजी ओट्यावरून उठून त्याच्या मागे गेले. मी ओरडले, "मामाजी, खबरदार!" पण उशीर झाला होता. आणि गंमत बघा, तो माणूस श्वास सोडून खरंच शांत झाला आणि चहा पिऊन गेला.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागली. शिलाईवालीला लोकांची तोंडं आठवत नाहीत, पाठी आठवतात. आणि अलीकडे पोरापोरींच्या पाठी बदलल्यात. खांदे पुढे आलेले, मान पुढे झुकलेली, छाती आत गेलेली. शर्ट मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. आया माझ्यावर चिडतात की शिलाई चुकली. शिलाई नाही चुकली बायांनो, पोरगं वाकलंय! मामाजींचं यावर ठरलेलं वाक्य आहे. मोबाईलवर वाकलेलं पोर दिसलं की ते विचारतात, "का रे, रोवणा करून राहिला का?" रोवणा म्हणजे चिखलात वाकून धान लावायचं काम. "रोवण्यातल्या बायासुद्धा मधामधात उभ्या होऊन कमर सरळ करतात. तू तर उभाच नाही होऊन राहिला!"

तर अशी सगळी मजा चालू होती. आणि मग माझ्या रेणूचं ते झालं.

रेणू माझी एकुलती एक लेक, बारावी सायन्सला. तिचे बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला, सकाळच्या गाडीने जातात ते दिवस मावळल्यावर येतात. अभ्यासाचं सगळं माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे काय, "अभ्यास केला का?" एवढं दिवसभर विचारणं माझ्याकडे. पोरगी हुशार, सालस. पण पूर्वपरीक्षेच्या फिजिक्सच्या पेपरला ती बसली आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन घरी आली. चेहरा पांढराफटक, हात बर्फासारखे.

"आई, अक्षरं दिसून राहिली होती, पण समजून नव्हती राहिली," ती म्हणाली. "श्वास येथीच अडकला." तिने गळ्यापाशी हात ठेवला.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, पार घाबरले. तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाल्या, हा भीतीचा झटका आहे, या वयात परीक्षेच्या दडपणाने बऱ्याच मुलांना होतो. पुरेशी झोप, थोडं चालणं, सावकाश श्वासाचा सराव आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे जाऊ. सावकाश श्वास म्हटल्यावर मी कपाळावर हात मारला. म्हणजे फिरून फिरून पुन्हा मामाजीच!

पण रेणूने दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "मी बोर्डाची परीक्षा नाही देत." खोलीत जाऊन बसली. जेवण अर्धं, बोलणं तर त्याहून कमी. तिच्याकडे बघितलं की मला फक्त तिचे खांदे दिसायचे, कानापर्यंत चढलेले. त्या खांद्यांवर तिचा एकही कुडता नीट बसत नव्हता.

मामाजींच्या कानावर गेलं. मला वाटलं आता हे धावत येणार, तिच्या पाठीवर हात ठेवणार आणि पोरगी आणखी बिथरणार. मी दारात आडवी उभी राहायच्या तयारीत होते. मामाजी आले, पण आत शिरलेच नाहीत. खोलीच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून खाली बसले आणि नुसते श्वास घेऊ लागले. काही बोलणं नाही, हुकूम नाही. त्यांचा श्वास म्हणजे काय, भाता चालल्यासारखा आवाज! रोज संध्याकाळी यायचे, बसायचे, भाता चालवायचे आणि उठून जायचे. मी म्हटलं, "मामाजी, तिला काही सांगा तरी." तर म्हणाले, "भेदरलेल्या लेकराच्या पाठीवर मांगून हात नसते ठेवत, सुनिता."

एके संध्याकाळी आतून आवाज आला, "मामाजी, तुमचा किती आवाज येते जी?"

"म्हातारं इंजिन आहे," मामाजी म्हणाले. "तुहं नवीन आहे. तुह्यात येते का, पाह्य बरं."

मी शिलाई मशीन थांबवलं. थोड्या वेळाने आतून एक श्वास ऐकू आला, तुटक, मग दुसरा. मशीनवर बसल्या बसल्या मला रडू फुटलं.

त्यानंतर मामाजींनी गल्लीतल्या दहावी-बारावीच्या सगळ्या पोरापोरींना आपल्या अंगणात गोळा केलं. रेणूही जायला लागली, मागच्या ओळीत बसायची. पण पोरंच ती! श्वास घेणं त्यांना जमायचं, सोडायला धीर नाही. फुस्सकन सोडून मोकळी. मामाजी सांगून सांगून थकले, "सोडणं लांब पाहिजे! भेव घेताना नाही जात, सोडताना जाते!" आणि मग त्यांना ती कल्पना सुचली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गवत, चिंध्या आणि कागदाचा मोठा पुतळा करतात, गावाबाहेर नेतात आणि सगळे बेंबीच्या देठापासून ओरडतात, 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' त्यातला तो 'गे' असा लांबवायचा असतो की छातीत वारा शिल्लक राहत नाही. मामाजी टाळी वाजवून उठले. याच्याहून लांब श्वास सोडणं जगात कोणाला येतं!

भर फेब्रुवारीत, भर दुपारी आमच्या गल्लीत आरोळ्या सुरू झाल्या.

"फिजिक्सचं भेव घेऊन जा गेऽऽ मारबत!"

"ट्यूशनवाल्या सरचा राग घेऊन जा गेऽऽ मारबत!"

"पप्पाचं 'शेजारच्या पोराले पाह्य' घेऊन जा गेऽऽ मारबत!"

पोरं हसून हसून लोळत होती आणि खरंच, श्वास कसे मोटेसारखे रिकामे होत होते. मी मशीन सोडून बघायला गेले. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या घरातून धुरपताबाई निघाल्या. वय ऐंशीच्या घरात, हातात खराटा, पदर खोचलेला.

"काऊन रे झनकलाल! पोळा झाला का?"

"नाही जी धुरपताबाई, लेकरायले श्वास शिकवून राहिलो."

"श्वास शिकव, नाहीतर शेळ्या राख! घराघरातली इडापीडा हाका मारून बाहेर काढली तुनं. आता तिले नेईन कोण? मारबत कोठी आहे तुही? ते पीडा आता गल्लीतच उभी आहे ना!"

झालं! आजूबाजूच्या बायाही बाहेर आल्या. कोणाला गायीने सकाळी लाथ मारली होती, कोणाचा गुडघा कालपासून ठणकत होता, कोणाचं मिक्सर जळलं होतं. सगळ्याचा हिशेब मामाजींच्या नावावर लागला. मिक्सर सकाळी जळलं आणि आरोळ्या दुपारच्या, हे मी सांगून बघितलं, पण त्या वेळी ऐकतंय कोण!

दुसरा कोणी असता तर त्याने म्हाताऱ्या बाईला वेड्यात काढलं असतं. मामाजी डोकं खाजवत उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाईचं बरोबर आहे. काढली तं नेऊन टाकाच लागन."

आणि मग आम्ही भर फेब्रुवारीत मारबत बनवली! मामाजींच्या गोठ्यातली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पोरांनी बांबूवर बांधला. माझ्या दुकानातल्या सगळ्या चिंध्या गेल्या. मी मशीनवर दोन-दोन शिलाया मारून तिला लुगडं शिवलं. धुरपताबाईंनी स्वतः बसून कोळशाने तिचे डोळे काढले आणि माझ्या लुगड्याचा घोळ कमी पडला म्हणून मला ऐकवलं. संध्याकाळच्या आत मिरवणूक निघाली. रेल्वे फाटक नेमकं बंद होतं. इकडून आम्ही, तिकडून ट्रॅक्टर आणि मोटरसायकली, मध्ये गाडी धडधडत निघालेली, खिडक्यांतून लोक डोळे फाडून बघतायत की आमगावात पोळा आताच कसा आला! फाटक उघडेपर्यंत मामाजींनी अडकून पडलेल्या सगळ्या मोटरसायकलवाल्यांच्या पाठी सरळ केल्या.

गावाच्या शिवेवर मारबत पेटवली. पोरं एकेक करून पुढे येऊन ओरडत होती. रेणू मागे उभी होती. मामाजी तिच्याकडे बघतही नव्हते, मुद्दामच. मग ती आपणहून पुढे झाली. पाय रोवून उभी राहिली, मान वर केली, एवढा मोठा श्वास घेतला की मला तिचा कणा सरळ होताना दिसला, आणि ओरडली,

"आईचं 'अभ्यास केला काऽऽ' घेऊन जा गेऽऽऽऽ मारबत!"

सगळ्या गर्दीने माझ्याकडे बघितलं. मला आधी राग आला, मग लाज वाटली आणि मग असं हसू आलं की पोट धरून मी खालीच बसले. रेणूही हसत होती. किती दिवसांनी! धुरपताबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जाऊ दे वं, मोठी पीडा गेली."

त्या दिवसापासून पोरगी हळूहळू उलगडत गेली. एकदम जादू झाली असं नाही. मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा हात गार पडायचे. पण आता तिला काय करायचं ते ठाऊक होतं. पाय जमिनीवर टेकवायचे, पाठ सरळ करायची, श्वास पोटापर्यंत न्यायचा आणि लांब, लांब सोडायचा. भीतीला हाकलायचं नाही, नुसतं बघत बसायचं. मीही 'अभ्यास केला का' विचारणं सोडलं. त्याऐवजी 'जेवली का' विचारायला लागले. परीक्षेच्या आधी तिचा पांढरा कुडता शिवायला घेतला, तर खांद्याचं माप पुन्हा जुनंच आलं. मी टेप तसाच धरून उभी राहिले थोडा वेळ.

फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती मामाजींकडे गेली आणि म्हणाली, "मामाजी, उद्या तुम्ही गेटापर्यंत चाला जी."

मामाजी गडबडले. "मी? मी काऊन? आई आहे ना तुही."

"आई बी आहे. तुम्ही बी चाला."

सकाळी मामाजी आमच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याची बाटली, खिशात गूळ-शेंगदाणे, तेल लावून चापून बसवलेले केस. वाटेत एकाचीही पाठ सरळ केली नाही. केंद्रावर पोचलो तर गल्लीतली सगळी पोरं वाटच बघत होती. मामाजींनी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवला. रेणूची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "ठेवू का?" तिने मान हलवली. त्यांनी हात ठेवला, तिने श्वास घेतला, सोडला आणि ती आत गेली. ताठ चालत गेली. वळून बघितलं नाही.

घंटा झाली, फाटक लागलं. मी मोकळी होऊन मामाजींकडे वळले. मामाजी रस्त्याकडेच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. तोंड उघडं, सदरा घामाने ओला, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली. दोन्ही हातांनी बाटली घट्ट धरलेली.

"मामाजी! का झालं?"

"सुनिता," ते म्हणाले, "मले श्वास नाही घेता येऊन राहिला."

मला वाटलं हार्टचा झटकाच आला. शेजारी उभ्या असलेल्या एका पोराच्या वडिलांना मी गाडी काढायला सांगणार होते. पण मामाजींनी मान हलवून मला थांबवलं. ते फाटकाकडे बघत होते.

"छातीत दुखते का?"

"नाही वं. ते आतमंदी गेली. अना आता ते एकटीच आहे."

मग मला कळलं. रेणूला पूर्वपरीक्षेत झालं होतं, अगदी तेच होतं हे! मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "धुरा सरळ करा मामाजी. बांधी भरा."

"बांधी गेली चुलीत!" मामाजी माझ्यावर खेकसले. "पेपर कठीण असन तं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी झनकलाल मामाजींच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली पाठ थरथरत होती. हाडं हाताला लागत होती. एवढा भरदार आवाज या एवढ्याशा पाठीतून येतो, हे मला, पाठी मापणारीला, कधी कळलं नव्हतं. हळूहळू श्वास जागेवर आला. ते दोन घोट पाणी प्यायले. मग इकडेतिकडे बघितलं. फाटकाबाहेर आया होत्या, बाप होते. कोणी झाडाखाली चादर टाकून बसलं होतं, कोणी जप करत होतं, दोन बाया निवांत मटार सोलत होत्या.

"ह्या सगळ्यायले जमते," मामाजी म्हणाले. "माहं कोणी पेपरले गेलंच नाही ना, सुनिता. गेटाच्या बाहेर श्वास कसा घ्याचा, मले का माहीत?"

मामाजींना मूलबाळ नाही. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की त्याचा विचार करणंच आम्ही सोडून दिलं होतं. मी म्हटलं, "कोणालेच नाही जमत, मामाजी. सगळे तसेच बसतात." मटार सोलणाऱ्या बाईने आमच्याकडे बघितलं आणि शेंगांचं टोपलं आमच्यापुढे सरकवलं. आम्हीही मटार सोलत बसलो.

पेपर सुटला. पोरांचा लोंढा बाहेर आला. मामाजी उठून उभे राहिले, टाचा उंचावून बघायला लागले. रेणू आली. केस विस्कटलेले, बोटाला शाई, डोळे चमकत होते. ती आधी माझ्याकडे नाही, मामाजींकडे गेली.

"पेपर लय हार्ड होता, मामाजी. मधात एकदा तसंच झालं. मी पेन खाली ठेवला, पाय टेकवले, सोडला श्वास. मंग सुटला पेपर. सगळा नाही, पण सुटला!"

मामाजींनी मान हलवली. मग त्यांनी तिच्या हातातल्या प्रश्नपत्रिकेकडे बोट दाखवलं.

"हे मी ठेवू का?"

"प्रश्नपत्रिका? तुम्ही का करता जी तिचं?"

"काही नाही. ठेवतो घरी."

रेणूने माझ्याकडे बघितलं. मग प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. "ठेवा ना. अना परवा केमिस्ट्री आहे, परवाही यायचं आहे तुम्हाले."

मामाजींनी तिची घडीसुद्धा घातली नाही. दोन्ही हातांत धरून, उन्हातून, ते ती घरापर्यंत घेऊन आले.